जुन्या मोटारसायकलच्या मागील चाकाची निवड : बुलेट ३५० च्या संदर्भात एक विवेचन

सारांश

जुन्या मोटारसायकलींची पुनर्बांधणी करताना मागील चाक लहान रिमचे व रुंद टायरचे करण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. ही निवड बहुधा केवळ दिसण्यावरून केली जाते. प्रस्तुत लेखात बुलेट ३५० या गाडीचे उदाहरण घेऊन मागील चाकाच्या निवडीमागील गणित, यांत्रिक मर्यादा, वर्धा जिल्ह्यातील रस्ते व हवामान आणि प्रचलित कायदा यांचा विचार केला आहे. रिमवरील आकडा म्हणजे चाकाचा आकार नव्हे, टायरसह मिळणारा बाह्य परिघ हाच निवडीचा पाया असावा आणि केलेला बदल मूळ स्थितीत परत नेता येण्याजोगा असावा, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : जुनी मोटारसायकल, मागील चाक, परिघ, रिम, टायर, मूळ स्वरूप.

१. प्रस्तावना

दुचाकी वाहनांच्या इतिहासाशी वर्ध्याचे नाते दूरचे नाही. आज बजाज ऑटो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची सुरुवात १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली. हे नाव जमनालाल बजाज यांना दत्तक घेणाऱ्या घराण्याचे कर्ते, वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्यावरून आलेले आहे. तथापि जिल्ह्यातील घराघरांत जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. गोठ्याच्या कडेला किंवा वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली बुलेट, जावा किंवा राजदूत ही आपल्या दृष्टीने एक तर भंगार असते, नाही तर हौस.

प्रस्तुत लेखकाच्या घरी वडिलांनी वापरलेली, १९७४ सालच्या नोंदणीची बुलेट ३५० आहे. काही वर्षांपूर्वी ती दुरुस्तीस दिली असता मागील १९ इंची चाकाच्या जागी १७ इंची रिम व १३०/७०-१७ या मापाचा रुंद टायर बसवावा, असा सल्ला मिळाला. गाडी भारदस्त दिसेल, एवढेच त्यामागील कारण होते आणि लेखकाने, भौतिकशास्त्राचा अध्यापक असूनही, एकही आकडा न तपासता होकार दिला. त्याचे परिणाम पुढे यथास्थळी येतील. पुष्कळ गाडीमालक हीच चूक करीत असल्याचे पाहण्यात आल्यामुळे या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी करणे आवश्यक वाटले.

विवेचनासाठी बुलेट ३५० निवडण्याचे कारण असे की, ही गाडी भारतात फार दीर्घ काळ जवळजवळ त्याच रचनेत तयार होत राहिली. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. इंग्लंडमधील मूळ कंपनीचे उत्पादन १९७० पर्यंत थांबले. भारतातील उत्पादन मात्र चालू राहिले. त्यामुळे जुन्या बुलेटचे सुटे भाग आजही मिळतात आणि म्हणूनच तिच्यात फेरफार करण्याचा मोहही अधिक होतो.

२. 'चाकाचा आकार' या संज्ञेचा अर्थ

व्यवहारात आपण "एकोणीसचे चाक", "अठराचे चाक" असे म्हणतो. हा आकडा टायरची कड रिमवर ज्या जागी बसते तेथील व्यासाचा, इंचांतील, आकडा आहे. रस्त्याला टेकणाऱ्या चाकाचा तो आकार नव्हे. बैलगाडीच्या चाकाचे उदाहरण घेतल्यास हा भेद लगेच ध्यानात येतो. तेथे लाकडी पाट्यांवर लोखंडी धाव चढविलेली असते. धाव जाड असली काय किंवा पातळ असली काय, चाकाच्या आकारात फारसा फरक पडत नाही, कारण धावेची जाडी एकूण व्यासाच्या मानाने नगण्य असते. मोटारसायकलच्या बाबतीत तसे नाही. बुलेटच्या मूळ चाकात एकूण व्यासाचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या टायरचा असतो. म्हणून टायर बदलला की रिम तीच राहूनही चाक लहान-मोठे होते. उलटपक्षी रिम लहान करूनही चाकाचा बाह्य आकार जसाच्या तसा राखता येतो.

हे दुसरे विधान या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. लहान रिम म्हणजे लहान चाक, हा समज सर्वत्र आढळतो व पुढील बहुतेक चुका त्यातूनच उद्भवतात.

३. टायरवरील आकड्यांचे वाचन

टायरच्या मापाच्या दोन पद्धती जुन्या गाड्यांच्या संदर्भात एकत्र येतात. पहिली इंचांची. ३.२५-१९ याचा अर्थ टायरची रुंदी ३.२५ इंच आणि रिम १९ इंच. या जुन्या पद्धतीत टायरची उंची रुंदीइतकीच धरली जाते. दुसरी पद्धत मिलिमीटरची. १२०/८०-१८ याचा अर्थ रुंदी १२० मिमी, उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ९६ मिमी, आणि रिम १८ इंच. दोन्ही पद्धतींत रिमचा आकडा मात्र इंचांतच राहतो. यावरून बाह्य व्यास काढण्याचे सूत्र सोपे आहे :

बाह्य व्यास = (रिमचा व्यास × २५.४) + (२ × टायरची उंची, मिमी)

या व्यासास ३.१४१६ ने गुणले असता परिघ मिळतो.

याखेरीज टायरच्या कडेवर एक आकडा व एक अक्षर असते. आकडा भारक्षमतेचा निर्देशांक होय. उदाहरणार्थ ५२ म्हणजे २०० किलो, ५७ म्हणजे २३० किलो, तर ६२ म्हणजे २६५ किलो. अक्षर कमाल वेगाचे असते. 'पी' म्हणजे ताशी १५० किमी, 'एस' म्हणजे ताशी १८० किमी. जुन्या बुलेटच्या वेगाचा विचार करता अक्षराची चिंता फारशी नाही. भारक्षमतेची मात्र आहे, कारण मागे बसणारी व्यक्ती आणि सामान यांचा बहुतांश भार मागील चाकावरच येतो.

४. परिघाचे गणित

बुलेट ३५० च्या जुन्या नमुन्यात पुढील व मागील दोन्ही टायर ३.२५-१९ या मापाचे असत. तो आधार धरून बाजारात सुचविल्या जाणाऱ्या काही पर्यायांचे गणित पुढील तक्त्यात दिले आहे.

तक्ता क्र. १ : मूळ चाक व पर्याय (गणिताने काढलेली मापे)

| टायरचे माप | बाह्य व्यास (मिमी) | परिघ (मिमी) | मूळ परिघाशी फरक |
|---|---|---|---|
| ३.२५-१९ (मूळ) | ६४७.७ | २०३५ | — |
| ३.५०-१९ | ६६०.४ | २०७५ | + २.० % |
| ३.२५-१८ | ६२२.३ | १९५५ | − ३.९ % |
| १००/९०-१८ | ६३७.२ | २००२ | − १.६ % |
| ११०/९०-१८ | ६५५.२ | २०५८ | + १.२ % |
| १२०/८०-१८ | ६४९.२ | २०४० | + ०.२ % |
| १३०/७०-१७ | ६१३.८ | १९२८ | − ५.२ % |

तक्त्यातील सहावी ओळ लक्षणीय आहे. १८ इंची रिमवर १२०/८० टायर चढविला असता बाह्य व्यास मूळ १९ इंची चाकापेक्षा केवळ दीड मिलिमीटरने वेगळा येतो. रॉयल एन्फील्ड कंपनीने २०२३ साली आणलेल्या नव्या बुलेट ३५० मध्ये पुढे १००/९०-१९ व मागे १२०/८०-१८ हीच मापे दिलेली आहेत. रिम एक इंचाने लहान झाली, टायर रुंद झाला, तरी मागील चाकाची उंची जुन्या बुलेटच्या चाकाइतकीच राहिली. याउलट ३.२५-१८ या टायरची रुंदी मूळ टायरइतकीच असूनही, रिम एका इंचाने लहान असल्यामुळे परिघ जवळजवळ ४ टक्क्यांनी घटतो. रिम दोन्हींत अठराचीच, पण परिणाम मात्र भिन्न.

वरील आकडे गणिती आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीच्या टायरमध्ये काही मिलिमीटरांचा फरक असतो. शिवाय भाराखाली टायर दबल्यामुळे प्रत्यक्ष परिघ थोडा कमी भरतो. म्हणून अंतिम निर्णयापूर्वी मोजमाप करावे. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करावी, एका व्यक्तीने गाडीवर बसावे, दुसऱ्याने गाडी सरळ रेषेत ढकलावी आणि चाकाचा एक पूर्ण फेरा झाल्यावर जमिनीवरील अंतर टेपने मोजावे. पाच फेऱ्यांचे अंतर मोजून पाचाने भागल्यास चूक आणखी कमी होते.

५. परिघ बदलल्याचे परिणाम

(अ) इंजिनाचा वेग. सेवाग्रामच्या परिसरात ज्यांनी चरखा चालविला आहे त्यांना चाक आणि चाती यांचे नाते सांगावयास नको. मोठे चाक एकदा फिरते तोवर लहान चाती अनेक वेढे घेते. चाकाचा व्यास बदलला की वेढ्यांची संख्या बदलते. मोटारसायकलचे मागील चाक हे इंजिनापासून रस्त्यापर्यंतच्या साखळीतील शेवटचे चाक होय. ते लहान झाले की तेच अंतर कापण्यासाठी त्याला अधिक फेरे घ्यावे लागतात व तितक्याच प्रमाणात इंजिनही अधिक फिरते. मूळ चाक एका किलोमीटरात सुमारे ४९१ फेरे घेते; १३०/७०-१७ टायरचे चाक सुमारे ५१९. सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिन व चाक यांचे एकूण गुणोत्तर उदाहरणादाखल ५ धरल्यास ताशी ६० किमी वेगाला इंजिनाचे मिनिटाला फेरे २४६० वरून २५९० पर्यंत जातात. आकडा लहान वाटतो; परंतु जुन्या, लांब स्ट्रोकच्या एकसिलिंडर इंजिनाला कमी फेऱ्यांवर संथ चालण्यासाठीच घडविलेले असते. लांबच्या प्रवासात हा फरक कंपनाच्या रूपाने हातांना व तळपायांना जाणवतो.

चढावर व भार वाहताना लहान चाक उपकारक ठरते, हेही नमूद करणे उचित होईल. डबलसीट चढ चढताना गाडी थोडी हलकी वाटते. परंतु तोच लाभ हवा असेल तर तो दातेरी चाकाच्या दातांनीही मिळविता येतो. गिअरपेटीवरील १७ दातांऐवजी १६ दात केल्यास गुणोत्तर सुमारे ६ टक्क्यांनी बदलते. म्हणजे एका दाताचा परिणाम १९ वरून १८ च्या रिमवर जाण्याच्या परिणामापेक्षाही अधिक आहे. यासाठी प्राथमिक साखळीचे आवरण उघडावे लागत असल्याने काम वेळखाऊ आहे; परंतु त्यात मूळ चाकाला हात लागत नाही. लहान चाकामुळे झालेला फरक दात वाढवून भरून काढू, असे काही मिस्त्री सुचवितात. मात्र ४ टक्क्यांची घट ६ टक्क्यांच्या वाढीने भरून निघत नाही. गाडी मूळपेक्षा काहीशी जड चालू लागते.

(आ) वेगमापक. जुन्या बुलेटचा वेगमापक पुढील चाकावरून चालतो. त्यामुळे मागील चाक बदलल्याने काट्यावर काहीच परिणाम होत नाही. ही बाब सोयीची वाटली तरी तिचा एक तोटा आहे. काटा नेहमीचाच वेग दाखवितो आणि इंजिन अधिक फिरत असल्याचे चालकाच्या ध्यानात येत नाही. ज्या गाड्यांत वेगमापक मागील चाकावरून चालतो, तेथे मात्र काटाच चुकीचा वेग दाखवू लागतो.

(इ) गाडीची उंची व कल. व्यास जितका घटतो त्याच्या निम्म्याने आस खाली येतो. १३०/७०-१७ साठी ही घट सुमारे १७ मिमी आहे. दोन आसांमधील अंतर साधारण १३७० मिमी धरल्यास संपूर्ण सांगाडा मागे सुमारे ०.७ अंशाने कलतो. त्यामुळे हँडलच्या दांड्याचा कोन तितक्याने वाढतो आणि गाडी वळणावर थोडी अनुत्सुक होते. ३.२५-१८ साठी हाच कल अर्धा अंश येतो व तो सहसा जाणवत नाही.

रोजच्या वापरात अधिक जाणवतात ते स्टँडचे परिणाम. मागची बाजू खाली आल्यामुळे गाडी डबल स्टँडवर घेताना ती अधिक उचलावी लागते. साइड स्टँडची लांबी मात्र पूर्वीचीच राहते. परिणामी त्यावर गाडी पूर्वीपेक्षा सरळ उभी राहते आणि किंचित उताराच्या जागी दुसऱ्या बाजूस कलंडू शकते. लेखकाची गाडी महाविद्यालयाच्या वाहनतळावर अशीच कलंडली. शेजारी उभी असलेली विद्यार्थ्याची सायकल तेवढी वाकली; विद्यार्थी स्वतः तेथे नव्हता, हे सुदैव.

(ई) ब्रेक. ड्रम तोच राहून चाकाची त्रिज्या कमी झाली की रस्त्यावर मिळणारे रोधक बल त्या प्रमाणात वाढते. १३०/७०-१७ बाबत ही वाढ सुमारे साडेपाच टक्के येते. कोरड्या रस्त्यावर हा लाभ म्हणता येईल. ओल्या रस्त्यावर मागील चाक लवकर जाम होण्याची शक्यता वाढते.

६. रिमची रुंदी, चिमटा व आरे

परिघ जुळला म्हणजे निवड पूर्ण झाली असे नाही. रुंद टायरला रुंद रिम लागते. बुलेटच्या मूळ रिमची रुंदी १.८५ इंच आहे, ३.२५ च्या टायरला ती योग्य आहे. याच रुंदीच्या रिमवर १२० मिमीचा टायर ओढूनताणून चढतो खरा. परंतु त्याच्या कडा आत आवळल्या जातात आणि पृष्ठभाग फुगून गोल होतो. मग रस्त्याला टेकतो तो मधला अरुंद पट्टाच. ज्यासाठी रुंद टायर घेतला तो हेतू येथेच संपतो. टायर कंपन्या प्रत्येक मापासाठी किमान व कमाल रिम-रुंदी देतात. ती पाहिल्याखेरीज खरेदी करू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रुंद टायर म्हणजे रस्त्याशी अधिक संपर्क, असे सर्वत्र मानले जाते. वस्तुतः संपर्काचे क्षेत्रफळ प्रामुख्याने चाकावरील भार आणि टायरमधील हवेचा दाब यांवर अवलंबून असते. दाब व भार तोच असेल तर रुंद टायरमुळे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. त्याचा आकार बदलतो. तो लांबट असतो तो आडवा होतो. शिवाय रुंद टायरची गाडी त्याच वेगाने तेच वळण घेण्यासाठी थोडी अधिक झुकवावी लागते.

तिसरी मर्यादा मागच्या चिमट्याची, म्हणजे स्विंग आर्मची होय. बुलेटमध्ये डाव्या बाजूस साखळी व तिचे आवरण असते. टायर रुंद होत गेला की पहिला स्पर्श येथेच होतो. लेखकाच्या गाडीत नेमके हेच घडले. टायरची डावी कड साखळीच्या आवरणास घासू लागली, तेव्हा कार्यशाळेत आवरणाची आतील कड कापण्यात आली. तरीही पुरेना म्हणून आरे एका बाजूने ओढून रिम उजवीकडे सरकविण्यात आली. त्यामुळे पुढील व मागील चाके एका रेषेत राहिली नाहीत. देवळीच्या रस्त्याने जाताना हँडल हलके धरले की गाडी एका बाजूस ओढ घेई. कारण कळण्यास दोन महिने लागले. मागील चाकाच्या दोन्ही बाजूंनी पुढील चाकापर्यंत सुतळी ताणून पाहिली, तेव्हा एका बाजूचे अंतर दुसरीपेक्षा स्पष्टपणे अधिक भरले. ही सुतळीची कसोटी कोणीही घरी करू शकतो. बुलेटमध्ये साखळीचा ताण आसाच्या दोन टोकांवरील गोगलगाईच्या आकाराच्या तबकड्या फिरवून साधला जातो. दोन्ही बाजूंची तबकडी समान खाचेवर आहे ना, हे आधी पाहावे व नंतर रिमच्या सरकण्याचा संशय घ्यावा.

चौथी बाब आऱ्यांची. बुलेटच्या चाकात ४० आरे असतात. रिम एका इंचाने लहान झाली म्हणजे आरेही सुमारे १२-१३ मिमीने आखूड लागतात. जुने आरे कापून त्यांवर नव्याने आटे पाडण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती टाळावी. योग्य लांबीचे नवे आरे घ्यावेत, चाकाचा आउट काढून घ्यावा आणि पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर आऱ्यांचा ताण पुन्हा तपासावा.

७. वर्धा जिल्ह्यातील रस्ते व हवामान

चाकाची निवड गाडी जेथे चालणार त्या भूमीशी निगडित असते. आपल्या जिल्ह्यात तीन प्रकारचे रस्ते संभवतात. पहिला प्रकार मोठ्या महामार्गांचा. हिंगणघाटवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि वर्धा-देवळीवरून यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हे त्यांपैकी होत. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जात असला तरी त्यावर दुचाकींना मनाई आहे. त्यामुळे जुन्या बुलेटला सतत मोठा वेग राखण्याचा प्रसंग क्वचितच येतो. दुसरा प्रकार तालुक्यांना जोडणाऱ्या, खाचखळग्यांच्या डांबरी रस्त्यांचा. तिसरा पांदण रस्त्यांचा, जेथे पावसाळ्यात काळी माती चाकाला लोण्यासारखी चिकटते.

खड्ड्यावरून जाताना बाह्य व्यास जितका मोठा तितके चाक खड्ड्यात कमी उतरते. जुन्या गाड्यांना १९ इंची चाके दिली गेली त्यामागे त्या काळातील रस्त्यांचा विचार होता. काळ्या मातीच्या संदर्भात अरुंद टायरचा आणखी एक लाभ आहे. मडगार्ड व टायर यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. रुंद टायरमुळे ही फट भरली की चिखल तिच्यात अडकतो, वाळतो आणि चाक जखडते. श्रावणात पांदणीतून गेलेल्या कोणाही शेतकऱ्यास याचा अनुभव आहे.

उन्हाळ्याचाही विचार हवा. वर्ध्याचे तापमान मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. सकाळी २५ अंशांना ३० पौंड भरलेली हवा केवळ तापमानामुळे दुपारी ४५ अंशांना सुमारे ३३ पौंड दाब दाखविते. रस्त्यावरील घर्षणाची उष्णता वेगळीच. दुपारी वाढलेला दाब पाहून हवा सोडणे चूक आहे, कारण सकाळी तोच टायर मऊ पडतो. दाब नेहमी थंड टायरचा मोजावा व तो गाडीच्या आणि टायरच्या पुस्तिकेनुसार ठेवावा. टायर बदलला तर जुन्या पुस्तिकेतील दाब जसाच्या तसा लागू होत नाही, हेही लक्षात घ्यावे.

८. कायदा आणि मूळ स्वरूप

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरफारासाठी मालकास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मोठा बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे व विमा कंपनीस लेखी कळविणे हिताचे आहे.

जुन्या गाड्यांसाठी केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना त्यानुसार 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' या अक्षरांच्या मालिकेत नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. अशी गाडी नित्य किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती चालविता येते. नोंदणीची महत्त्वाची अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात, बाह्य रचनेत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. या अटीत चाकाचा नामोल्लेख नाही. परंतु रुंद टायर बसविण्यासाठी चिमटा कापून रुंद केला किंवा सांगाड्यास जोडकाम केले, तर प्रश्न चाकापुरता राहत नाही.

१९७४ साली नोंदलेली गाडी २०२४ साली पन्नास वर्षांची झाली. ज्या गाड्यांना आपण काल-परवापर्यंत केवळ जुन्या म्हणत होतो त्या एकेक करून या व्याख्येत येऊ लागल्या आहेत. त्यामुळे फेरफाराचा निर्णय आता हौसेपुरता मर्यादित राहिलेला नाही.

९. निवडीचा क्रम

उपरोक्त विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो.

(१) गाडीचा उपयोग ठरवावा. ५० वर्षांचा टप्पा जवळ आला असेल किंवा ओलांडला असेल आणि व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल, तर मूळ ३.२५-१९ हेच माप राखावे. येथे विचार संपतो.

(२) नित्य वापरासाठी बदल हवाच असेल तर बाह्य परिघ मूळ परिघाच्या दोन टक्क्यांच्या आत राहील असेच माप निवडावे. तक्त्यानुसार ३.५०-१९, १००/९०-१८, ११०/९०-१८ व १२०/८०-१८ ही मापे या कसोटीस उतरतात, ३.२५-१८ व १३०/७०-१७ उतरत नाहीत.

(३) निवडलेल्या टायरसाठी योग्य रुंदीची रिम घ्यावी.

(४) साखळीचे आवरण, चिमट्याच्या दोन्ही भुजा आणि मडगार्ड या ठिकाणी जागा मोजावी. फिरताना टायर थोडा फुगतो व चाक दोन्ही बाजूंना किंचित हलते, हे गृहीत धरावे. कोणताही भाग कापल्याशिवाय टायर बसत नसेल तर ते माप त्या गाडीसाठी नाही असे समजावे. ११० व १२० मिमीची मापे अनेकदा याच पायरीवर गळतात.

(५) भारक्षमतेचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

(६) काढलेली रिम, आरे व आवरण तेल लावून, कापडात गुंडाळून घरात ठेवावे.

१०. निष्कर्ष

मागील चाकाची निवड रिमच्या आकड्यावरून न करता टायरसह येणाऱ्या बाह्य परिघावरून करावी, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. परिघ राखला तर इंजिनाचा वेग, गाडीचा कल, स्टँड व ब्रेक हे सर्व मूळ स्थितीच्या जवळ राहतात. उरतो तो रिमची रुंदी व चिमट्यातील जागा यांचा प्रश्न, आणि तो मोजपट्टीने सुटतो.

लेखकाच्या गाडीचे १७ इंची चाक अखेरीस काढण्यात आले व पुन्हा १९ इंची रिम बसविण्यात आली. गाडी आता सरळ चालते, साइड स्टँडवर पूर्वीप्रमाणे कलून उभी राहते. परंतु ही रिम नवी आहे. वडिलांनी ज्या रिमवर पंचवीस-तीस वर्षे आर्वी-पुलगाव केले ती रिम जुन्या टायरसह भंगारात गेली, आणि साखळीच्या आवरणाची कापलेली कड आजही तशीच आहे. नवा भाग मिळतो. त्या गाडीसोबत पन्नास वर्षे असलेला भाग मिळत नाही. क्रमातील सहावी पायरी लिहिण्याचे कारण तेच आहे.

शेवटी एक सूचना. परिघ, गुणोत्तर, त्रिज्या व बल, दाब व तापमान हे सर्व विषय पदवीच्या प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमात या ना त्या रूपाने येतात. ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी जुनी दुचाकी असते. खडू, टेप व सुतळी घेऊन तिच्या चाकाचे मोजमाप करणे हा प्रयोगशाळेबाहेरचा एक चांगला प्रयोग ठरू शकेल. त्यातून जिल्ह्यातील जुन्या गाड्यांच्या मूळ स्थितीची नोंदही आपोआप होईल. आमच्या विभागात तो येत्या सत्रापासून घेण्याचे योजिले आहे. अन्य महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनीही त्याचा विचार करावा.